मशीन म्हनते, तुमी पायलं काय?

माझ्या दुकानात आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं आली. भाव पाडणारी आली, चहा पिऊन पसार होणारी आली, स्वतःच स्वतःचं नाव चुकीचं लिहून देऊन वर माझ्या अंगावर येणारी आली. पण माझी फूटपट्टी तपासणारा माणूस एकच आला. भास्करभाऊ वानखडे.

अकोल्यात माझं बोर्डाचं दुकान आहे. आधी ब्रशनं रंगवायचो, मग फ्लेक्स आलं, आता अॅक्रिलिकची अक्षरं कापतो. लोक मात्र अजून पेंटरच म्हणतात. भास्करभाऊ विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर घराला नावाची पाटी पाहिजे म्हणून आले. मी लाकूड मोजलं आणि म्हणालो, बारा इंच. त्यांनी शांतपणे खिशातून आपली स्टीलची पट्टी काढली आणि माझ्या पट्टीला लावली.

"भाऊ, चांगल्या कंपनीची पट्टी हाय ती," मी जरा तडकूनच म्हणालो.

"बारा इंच हाय हे कोन म्हनते?"

"पट्टी म्हनते!"

"तेच त. पट्टी म्हनते. तू पायलं काय?"

आता बोला! माझं डोकंच फिरलं. बरं, दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या निघाल्या. त्याचा त्यांना ना आनंद ना राग. पट्टी पुसून खिशात घातली आणि म्हणाले, "हं, आता काप."

मग हळूहळू कळलं की हे माझ्यापुरतंच नव्हतं. "कोन म्हनते?" हा प्रश्न त्यांच्या तोंडात पानासारखा असायचा. शेजारची बाई म्हणाली, उद्या नळ येणार, की हे विचारणार, "कोन म्हनते?" मोबाइल म्हणाला, आज पारा चव्वेचाळीस, की हे चप्पल काढून भर उन्हात ओट्यावर उभे राहणार, तळपाय भाजले की आत येऊन सांगणार, "हाय, असन." लग्नाची पत्रिका आली तर नवरदेवाच्या बापाला फोन करून तारीख विचारायचे. मी तर त्यांच्या यादीत पहिल्या नंबरचा संशयित होतो. पाटी घेऊन जाताना तिची मागची बाजूसुद्धा पाहिली. म्हणे, "तुयं नाव त नाई टाकलं कोपऱ्यात?"

असा माणूस गप्प बसून पेन्शन खाणार थोडीच! त्यांनी सुटे भाग मागवून घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एक सीएनसी मशीन जोडली. सीएनसी म्हणजे, सोप्या भाषेत सांगायचं तर, कोरीवकाम करणारं टेबल. टेबलावर लाकूड लोखंडी क्लॅम्पनी घट्ट बांधायचं. वर एक फिरणारी मोटर, तिच्या तोंडात पेन्सिलीएवढं पातं, त्याला बिट म्हणतात. संगणक सांगेल तसं ते बिट आडवं, उभं, खोल जातं आणि लाकडात फूल उमटतं. काम सुंदर. पण ती चालवायचं सॉफ्टवेअर परदेशी, आणि स्क्रीनवर इंग्रजी बटनांचं नुसतं जंगल.

ही स्क्रीन आली तशीच वापरावी, असं काही नसतं. नको ते बटन काढता येतं, पाहिजे ते पाहिजे तिथं बसवता येतं, रंग बदलता येतो, स्वतः काढलेली चित्रं लावता येतात. हौशी लोक तिथं गाड्यांचे फोटो टाकतात, निळे-जांभळे दिवे लावतात. भाऊंनी तिची पोलीस चौकी केली.

त्यात मी कसा अडकलो ते ऐका. त्या सॉफ्टवेअरात मराठी लिहिलं की नुसते चौकोन दिसायचे. म्हणून त्यांनी युक्ती काढली की अक्षरं चित्र म्हणून लावायची. आणि चित्र काढायला कोण? पेंटर! त्यामुळे त्या स्क्रीनवरचं एकेक बटन माझ्या दुकानातून गेलं आहे. माझ्या संगणकात त्या चित्रांचा फोल्डर अजून आहे, तो पुसायला माझा हात धजत नाही.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. स्क्रीनवर वरच्या बाजूला मोठे आकडे असतात, बिट किती आडवं गेलं, किती उभं, किती खोल. मी त्यावर मथळा लिहिला, 'मशीन कुठे आहे'. भाऊ उखडले.

"मशीन कुठी हाय हे तिले काय मालूम?"

"मंग हे आकडे कशाचे?"

"हे पाय. कम्प्युटरनं तिले सांगतलं, शंभर मिलिमीटर जाय. आकडा शंभर दाखवते. मधात पट्टा घसरला, मशीन अटकली, नव्वदवरच रायली, तरी आकडा शंभरच दाखवन. थो आकडा हुकूम हाय, हजेरी नाई." मग जरा विचार करून म्हणाले, "लिही, 'मशीन म्हनते'."

लिहिलं. तीन आकडे आणि वर मथळा, 'मशीन म्हनते'. त्याखाली 'चालू दे', 'दम खाय', 'घरी जाय' अशी बटनं. घरी जाय म्हणजे बिटनं आपल्या मूळ कोपऱ्यात परत जायचं. थांबवायचं लाल बटन स्क्रीनवर होतं, ते त्यांनी चक्क काढून टाकलं. मी म्हटलं, भाऊ, तेच तर कामाचं. तर म्हणे, "स्क्रीनवरचं लाल बटन म्हंजे भितीवर काढलेलं दार. आग लागली का समजते." आणि टेबलाच्या कडेला खरोखरचा लाल स्विच बसवला, ठोसा मारला की वीजच बंद.

एवढ्यावर भागलं असतं तर भाऊ कसले! काही दिवसांनी नवीन चित्र काढायला सांगितलं. आडवी पाटी, तिच्यावर प्रश्न, 'मशीन म्हनते. तुमी पायलं काय?' आणि खाली एक बटन, 'पायलं'. ते दाबल्याशिवाय 'चालू दे' जागं व्हायचं नाही. पाहायचं म्हणजे मशीनभोवती फिरायचं, बिट घट्ट आहे का, लाकूड हलतं का, बिटच्या वाटेत क्लॅम्प येतो का, सगळं आपल्या डोळ्यांनी. आणि कहर म्हणजे ते 'पायलं' बटन दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात उगवायचं. का, तर माणूस सवयीनं दाबतो! शोधावं लागलं म्हणजे निदान झोपेतून उठतो.

मी वैतागलो. "भाऊ, मशीन चालवणारे तुमी एकटे. हा पहारा कोणासाठी?"

"माह्यासाठीच. माह्यावर माहा सगळ्यात कमी भरोसा हाय."

मी हसलो, ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा सबस्टेशनची गोष्ट काढली.

"पॅनलवर हिरवा दिवा म्हंजे लाइन बंद. म्या दिवा पायला. खिडकीतून वरडलो, बंद हाय, चढ. बाहीर यार्डात लाइन तोडाची तीन पाती राह्यतात, तीनई उघडली पायजे. दोन उघडली होती, एक चिकटून रायलं. आमचा लाइनमन गजानन चढला." भाऊंनी खिशातली स्टीलची पट्टी काढून पुसली. "जगला. उजवा हात गेला. दिवा खोटा नाई बोलला बे पेंटर. त्याले जेवढं मालूम होतं तेवढं त्यानं सांगतलं. यार्ड समोरच होतं. म्या जाऊन पायलं नाई."

त्यानंतर मी त्यांच्या पहाऱ्याची टिंगल करणं सोडलं. तोंडावर तरी.

मग वैशाली आली. भाऊंची एकुलती एक मुलगी, अमरावतीला दिलेली. तिथलं लग्न मोडलं आणि ती दोन बॅगा घेऊन अकोल्याला परत आली. वहिनी आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात बाप-लेक दोघंच. पोरीचा हात चित्रात चांगला. पाहता पाहता ती संगणकावर वेली, पिंपळपानं, जाळ्या अशा काही काढायला लागली की मी, इतकी वर्षं रंगात घालवलेला माणूस, गपगार झालो. माझ्या दुकानात बसून एकदा म्हणाली, "काका, मले आता कोणाच्या भरवशावर राहायचं नाही. ना त्या घरच्या, ना बाबांच्या. ती मशीन माझ्या हाती आली ना, तर मी उभी राहते."

पण मशीन हाती येईल तर! भाऊंचा कायदा ठरलेला. डिझाइन वैशालीनं काढायचं, लाकूड वैशालीनं बांधायचं, भुसा वैशालीनं झाडायचा. त्यानंतर तिनं मागं सरायचं. पाहायचं काम भाऊंचं आणि बटनही भाऊंचं.

"बाबा, तुमी मेल्यावर दाबू काय बटन?" एकदा ती माझ्यादेखत म्हणाली.

"तवाबी पाहून दाब," भाऊ म्हणाले.

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मला तर भाऊंचा असा राग आला म्हणता! ज्या पोरीचा एकदा भरवसा मोडला आहे, तिच्यावर बापानंही भरवसा ठेवू नये? पण बाप-लेकीच्या मध्ये पडणारा मी कोण?

पुढच्या काही महिन्यांत माझ्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. भाऊ आले आणि म्हणाले, अक्षर मोठं कर. केलं. पुन्हा आले, अजून मोठं. मग म्हणाले, पांढऱ्यावर काळं नको, काळ्यावर पिवळं कर. 'दम खाय' आणि 'घरी जाय' बटनं काढूनच टाकली, जागा पाहिजे म्हणे. आणि मग एक दिवस म्हणाले, "थे 'पायलं' बटन आता फिरवाचं नाई. डाव्या कोपऱ्यात पक्कं बसवाचं हाय. मोठं काढ."

"काहून भाऊ? माणूस झोपीत दाबते ना?"

"तुले सांगतलं तेवढं कर."

कुठंतरी पाणी मुरत होतं. मला आधी वाटलं, मशीन विकायला काढली असेल, गिऱ्हाइकाला दाखवायला सोपी करताहेत. म्हणजे पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास जाणार. मी सरळ विचारलं, "मशीन विकून राहिले काय?" उत्तर काय असणार? "कोन म्हनते?"

खरं काय ते अमरावतीला कळलं. मी अॅक्रिलिकच्या शीट आणायला गेलो होतो. परतताना बसस्टँडवर पाहतो तर भास्करभाऊ, फलाटावर, हातात मेडिकलची पिशवी. मी हाक मारली तर मान वाकडी करून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी बोललो तेव्हा ओळखलं. पिशवी मागं लपवली.

"पेन्शनचं काम होतं," म्हणाले.

यांच्या पेन्शनचं काम अकोल्यालाच होतं हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात समोर एसटी लागली.

"कोनती हाय रे?"

"अकोला."

आणि ते चढले. माझी फूटपट्टी तपासणारा माणूस माझ्या एका शब्दावर एसटीत चढला!

गाडी गावाबाहेर पडल्यावर मी हळूच विचारलं, "डोळे?"

"काचबिंदू. डावा त गेलाच, उजवा जाऊन राहिला. गेलेली नजर वापस येत नाई म्हनते डॉक्टर."

मी काही बोलणार, तर तेच म्हणाले, "तीन डॉक्टरले इचारलं. तिघंई तेच म्हनते. अकोल्यात दाखवलं असतं त गावभर झालं असतं." मग माझा हात धरला. "वैशूले सांगू नोको. ती म्हनन, उठा बाबा, आता मी बसते. मंग मी काय करू बे? दिवसभर कोनी काय म्हनते थे ऐकत बसू?"

मी शब्द दिला. मनात मात्र म्हटलं, अरे बाबा, तुझ्यामागं मशीन तिलाच लागणार आहे, मग आज का नाही? पण त्या चेहऱ्याकडे पाहून बोलवेना.

त्याच हंगामात वरूडच्या एका संत्र्याच्या बागवाल्याचं काम आलं. नवं घर, मोठं दार, दारावर संत्र्याच्या डहाळ्या कोरायच्या. लाकूड त्याचं स्वतःचं, वडिलांनी बांधावर लावलेलं सागवान. वैशालीचं डिझाइन त्याला इतकं आवडलं की म्हणाला, हे जमलं तर माझ्या दोन्ही भावांची दारं तुमच्याकडेच. जमलं तर वैशाली उभी राहणार होती. बिघडलं तर ते सागवान पुन्हा कुठून आणणार?

काम सुरू करायच्या दिवशी मी तिथंच होतो. लाकडाला जरा बाक होता, म्हणून वैशालीनं कोपऱ्यात एक जास्तीचा क्लॅम्प लावला आणि कायद्याप्रमाणे मागं सरली. म्हणाली, "बाबा, कोपऱ्यात क्लॅम्प वाढवला. बिट त्याच्यावरून जाते काय थे पाहून घ्या."

भाऊ मशीनभोवती फिरले. वाकले, हात फिरवला, कोपऱ्यापाशी थांबले, पुन्हा वाकले. मग संगणकापाशी आले आणि बोट डाव्या कोपऱ्यात नेलं. 'पायलं'.

"बाबा, पायलं नं?"

"पायलं."

"कोपऱ्यातला?"

"पायलं म्हनलं नं!"

मला माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि दिलेला शब्द आठवून मिटलं. भाऊंनी 'चालू दे' दाबलं.

सुरुवातीला छान चाललं. पहिली डहाळी उमटली, सागाचा वास सुटला. मग बिट कोपऱ्याकडे वळलं. कर्रर्र आवाज झाला, ठिणगी उडाली आणि बिट तुटलं. तुटकं खोड तसंच लाकडात घुसून ओरखडत निघालं. आणि स्क्रीनवर 'मशीन म्हनते'खाली आकडे मजेत पळत होते, जसं काही झालंच नाही. भाऊंचा हात टेबलाच्या कडेला लाल स्विच चाचपत होता, पण स्विच वीतभर उजवीकडे होता. वैशाली धावली आणि तिनं स्विचवर ठोसा मारला.

सगळं शांत झालं. दारावर हातभर ओरखडा.

"म्या नाई पायलं," भाऊ म्हणाले. आवाज अगदी लहान होता. "पायलं म्हनलो, पन पायलं नाई. मले दिसत नाई, वैशू."

"मले माहीत हाय बाबा."

"कोनं सांगतलं? पेंटरनं?"

"कोणीच नाही. बटन एका जागी थांबलं, तवाच समजलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी ऐकलं असतं? म्हणले असते, कोन म्हनते!" आणि ती रडायला लागली. "पण मीच पाहायला पाहिजे होतं बाबा. दिसत नाही हे माहीत असून मी मागं सरली."

भाऊ ओरखड्यावरून बोट फिरवत राहिले, एकदा, परत एकदा. मला वाटतं, ते दार त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

वैशालीनं वरूडला फोन करून झालं ते खरं सांगितलं. तो माणूस येऊन पाहून गेला. ओरखडा पडला होता तिथं तिनं संगणकावर एक वाकडी डहाळी वाढवून दाखवली. त्यानं बरीच घासाघीस केल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाला, राहू द्या, झाडाला काय सगळ्या फांद्या सरळ असतात?

आठवड्यानं भाऊ दुकानात आले, ऑटोनं. रस्ता ओलांडून पायरीपर्यंत ऑटोवाल्यानंच आणून सोडलं. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "थे 'पायलं' बटन बदलाचं हाय."

"किती मोठं करू आता?" मी म्हणालो. बोलून गेलो आणि जीभ चावली.

"लहान कर."

"लहान?"

"पयल्यासारखं. आता मले वाचाचं नाई."

मी मान खाली घालून माउस धरला. माझे डोळे भरून आले होते. त्यांना दिसत नव्हते हे खरं, पण मलाच लाज वाटत होती. "काय लिहू त्याच्यावर?"

"लिही, 'वैशालीनं पायलं'."

मी लिहिलं. त्यांनी विचारलं, बरोबर लिहिलंस ना? मी म्हटलं, हो. वाटलं, आता म्हणतील, कोन म्हनते. नाही म्हणाले. जाताना दारात थांबले मात्र, आणि म्हणाले, "आन पुन्हा फिरतं ठेवजो बटन. पोरगीई झोपीत दाबू शकते."

पुढं वैशालीनं अमरावतीला जागा घेतली आणि मशीनसकट बाप-लेक तिकडं गेले. जाण्याआधी ते दार पूर्ण झालं त्या दुपारी मी पाहायला गेलो होतो. पत्र्याच्या खोलीत मशीन चालू होती, वैशाली स्क्रीनसमोर होती. आणि भाऊ बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, मशीनकडे पाठ करून. चालत्या मशीनकडे त्या माणसाची पाठ मी कधी पाहिली नव्हती.

मी शेजारी टेकलो. म्हटलं, "भाऊ, कसं झालं दार?"

"चांगलं झालं."

इतक्या वर्षांचा हिशेब होता माझा, सोडतो की काय! "कोन म्हनते?"

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली.

"वैशू म्हनते," ते म्हणाले.